मिसिंग शोधायला ईएलएम३२७ ब्लूटूथ स्कॅनर: कोणता घ्यावा, कसा वापरावा, कुठे थांबावं

पेट्रोल गाडी सिग्नलला उभी असताना थरथरते, घाटात तिसऱ्या गिअरला दाबलं की आचके देते आणि डॅशबोर्डवर चेक इंजिनचा पिवळा दिवा लागतो. गॅरेजच्या भाषेत गाडी ‘मिसिंग करतेय’, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट जळत नाही (मिसफायर). बहुतेक ठिकाणी उपायांचा क्रम ठरलेला असतो: आधी सगळे प्लग, मग थ्रॉटल बॉडीची सफाई, मग एक कॉइल (प्लगला ठिणगीचं व्होल्टेज देणारा भाग), मग दुसरी. दोष यातल्या कुठल्यातरी टप्प्यावर सापडतो, पण तोवर दोन-तीन चांगले पार्ट विनाकारण बदललेले असतात. स्टीअरिंगखालच्या सॉकेटमध्ये बसणारा काडेपेटीएवढा ईएलएम३२७ स्कॅनर हा खर्च वाचवू शकतो. तो नेमका कोणता सिलिंडर मिस होतोय ते सांगतो. कोणता पार्ट गेलाय ते मात्र सांगत नाही. हा फरक ज्याला पटलाय त्याने जरूर घ्यावा. दोषाचा कोड दिसला की पार्टचं दुकान गाठणाऱ्याला त्याचा उपयोग नाही.

आधी खरेदीचं, कारण इथेच सगळ्यात जास्त फसगत होते. ईएलएम३२७ ही मुळात एल्म इलेक्ट्रॉनिक्स या कॅनेडियन कंपनीची चिप. तिच्या पहिल्या आवृत्तीला कॉपीपासून संरक्षण नव्हतं, त्यामुळे नकला झाल्या आणि बाजारात मुख्यतः त्याच मिळतात. डब्यावर ‘व्हर्जन १.५’ लिहिलेलं दिसलं तर ती नक्कलच, कारण मूळ कंपनीने १.५ आवृत्ती कधी काढलीच नाही. २.१ आवृत्ती खरी होती, पण तोच आकडा छापून विकल्या जाणाऱ्या स्वस्त नकलांमध्ये कितीतरी कमांड गाळलेल्या असतात. नक्कल म्हणून सगळंच टाकाऊ असं नाही. नीट बनवलेला १.५ वाला स्कॅनर वर्षानुवर्षं चालतो, आणि २.१ वाला पहिल्याच दिवशी अडखळू शकतो.

अडखळतो कुठे, तर लांब उत्तरात. साधा कोड चार-सहा बाइटमध्ये येतो, तो कुठलीही नक्कल वाचते. पण गाडीचा १७ अक्षरी चासी नंबर किंवा सहाव्या मोडमधला (गाडीने स्वतः केलेल्या चाचण्यांचे निकाल दाखवणारा भाग) मिसफायरचा तपशील तुकड्यातुकड्यांत येतो. हलका स्कॅनर तिथे अर्धवट उत्तर देतो किंवा तुटतो. मिसिंगसाठी नेमका हाच तपशील हवा असतो. म्हणून स्कॅनर हातात आल्याबरोबर, परत करण्याची मुदत आहे तोवर, तीन गोष्टी तपासा. १७ अक्षरी चासी नंबर पूर्ण येतो का? सहावा मोड उघडतो का? आणि आरपीएम, कूलंटचं तापमान व दोन्ही फ्युएल ट्रिम (इंजिनाचा संगणक पेट्रोल किती टक्के वाढवतो-घटवतो ते सांगणारे शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म आकडे) एकदम लावून गाडी दहा मिनिटं चालू ठेवली तर कनेक्शन टिकतं का? एका जरी ठिकाणी नापास झाला तर परत करा. अँड्रॉइडवर ‘ईएलएम३२७ आयडेंटिफायर’ नावाचं ॲप आहे, ते कोणत्या कमांड चालतात त्याची यादी देतं.

पाचशे रुपयांच्या आसपासचे स्कॅनर म्हणजे नशिबाचा खेळ. व्हीगेट आयकार प्रो किंवा व्हीपीकचा बीएलई (कमी ऊर्जेच्या ब्लूटूथचा) स्कॅनर यांच्यासारखे पर्याय महाग पडतात, पण पैसे तिथेच घालावेत असं आमचं स्पष्ट मत आहे. ओबीडीलिंकचे स्कॅनर वेगळ्या, जास्त सक्षम चिपवर चालतात. ते उत्तमच आहेत, पण फक्त घरच्या गाडीचं मिसिंग शोधायला इतका खर्च लागत नाही. आयफोन असेल तर साधा ब्लूटूथ स्कॅनर जोडलाच जाणार नाही, बीएलई किंवा वायफायचाच घ्या. जोडताना आणखी एक चूक हमखास होते. साधा ब्लूटूथ स्कॅनर फोनच्या सेटिंगमधून पेअर करायचा असतो, पिन १२३४ किंवा ००००. बीएलई स्कॅनर मात्र सेटिंगमधून पेअर करायचा नाही, थेट ॲपमधून जोडायचा. वायफायवाल्याचा पत्ता बहुधा १९२.१६८.०.१० आणि पोर्ट ३५००० असतो.

गाडी कोणती चालेल? आपल्याकडे बीएस-४ गाड्यांना एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२ (असा स्कॅनर वाचू शकेल अशी प्रमाणित तपासणी यंत्रणा) बंधनकारक झालं, त्यामुळे त्यानंतरच्या पेट्रोल गाड्यांना अडचण येऊ नये. त्याआधीच्या काही गाड्यांत १६ पिनांचं सॉकेट दिसतं, पण आत कंपनीची स्वतःची भाषा चालते आणि स्कॅनर ‘इसीयूशी (इंजिनाच्या संगणकाशी) संपर्क नाही’ म्हणतो. जुनी गाडी के-लाइनवर, म्हणजे सॉकेटच्या ७ नंबर पिनवर बोलत असेल तर काही नकलांमध्ये तो भागच भरलेला नसतो. नव्या गाड्या ६ आणि १४ नंबरच्या पिनवरून कॅन या वेगवान डेटा जोडणीवर बोलतात. त्यांचा डेटा भराभर येतो, के-लाइनवर तोच रेंगाळत येतो. डिझेल गाडीसाठी हे यंत्र मिसिंग शोधायला फारसं कामाचं नाही. तिथे इंजेक्टर करेक्शनचे आकडे लागतात आणि ते साध्या ॲपमध्ये सहसा दिसत नाहीत.

आता वापराकडे. इग्निशन चालू, इंजिन बंद, स्कॅनर जोडला आणि कोड आला पी०३०३. शेवटचा आकडा सिलिंडरचा: तिसरा. पी०३०० आला तर मिसफायर एका जागी स्थिर नाही किंवा अनेक सिलिंडरमध्ये आहे. आडव्या इंजिनाच्या गाड्यांत पहिला सिलिंडर बहुधा टायमिंग चेन किंवा बेल्टच्या बाजूचा असतो, गिअरबॉक्सच्या बाजूचा नव्हे. काही फ्रेंच इंजिनांत उलट मोजतात, तेव्हा आपल्या गाडीचं आधी नक्की करा. चुकीच्या टोकाकडून मोजून चांगली कॉइल बदलल्याची उदाहरणं भरपूर आहेत.

कोड लगेच पुसू नका. पुसला की त्याच्यासोबत साठवलेली फ्रीझ फ्रेम जाते, आणि मिसिंगच्या तपासात कोडपेक्षा ती जास्त बोलते. (बॅटरीची वायर काढूनही अनेक गाड्यांत हाच पुरावा पुसला जातो, म्हणून ‘आधी बॅटरी काढून बघू’ म्हणणाऱ्या मिस्त्रीला थांबवा.) फ्रीझ फ्रेम म्हणजे कोड पडला त्या क्षणी इंजिन काय करत होतं त्याची नोंद: आरपीएम, लोड, कूलंटचं तापमान, वेग, फ्युएल ट्रिम. तिचा स्क्रीनशॉट घ्या आणि वाचा. आरपीएम १८००, लोड ८० टक्क्यांच्या वर असेल तर चढावर दाबताना मिस झालंय. सिलिंडरमधला दाब वाढला की ठिणगी उडायला जास्त व्होल्टेज लागतं आणि कमजोर कॉइल किंवा गॅप वाढलेला प्लग नेमका तिथे हार मानतो. आरपीएम ७५० आणि ट्रिम अधिक २० असेल तर इंजिन कुठूनतरी हवा घेतंय: फाटलेला व्हॅक्यूम पाइप, इनटेक मॅनिफोल्डचं पॅकिंग, उघडा अडकलेला पर्ज व्हॉल्व्ह (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा). तापमान फक्त ३०-३५ अंश, म्हणजे सकाळी पहिल्या स्टार्टलाच मिस होतंय आणि सोबत कूलंटची पातळीही उतरतेय, तर हेड गॅस्केटची शंका घ्या. रात्रभरात सिलिंडरमध्ये झिरपलेलं थोडं कूलंट पहिल्या मिनिटात जळून जातं आणि मग गाडी दिवसभर शहाण्यासारखी चालते.

ट्रिमचा अर्थ लावताना जाणकारही एका ठिकाणी चकतात. इंजिन मिस झालं की न जळलेल्या मिश्रणातला ऑक्सिजन तसाच सायलेन्सरकडे जातो. ऑक्सिजन सेन्सर फक्त ऑक्सिजन मोजतो, सोबत गेलेलं पेट्रोल त्याला दिसत नाही. त्याला वाटतं मिश्रणात पेट्रोल कमी आहे, इसीयू पेट्रोल वाढवतो, ट्रिम वर जातो आणि पी०१७१ (मिश्रणात पेट्रोल कमी) हा कोडही सोबत पडतो. म्हणून एकाच सिलिंडरचा मिसफायर आणि पी०१७१ एकत्र आले तर आधी मिसफायर दुरुस्त करा, दुसरा बहुधा मागोमाग जातो. हवेची गळती असेल तर ट्रिम आयडलिंगला जास्त आणि २५०० आरपीएमला बराच कमी दिसतो. उलट, आयडलिंगला बरा आणि लोडवर चढत जाणारा ट्रिम दिसला तर फ्युएल पंप किंवा फिल्टरकडे बघा. दोन्ही ट्रिमची बेरीज अधिक-उणे १० टक्क्यांत असेल तर हवा-पेट्रोलचं गणित ठीक आहे, लक्ष ठिणगीवर द्या.

आता सहावा मोड. स्कॅनरचे पैसे खरे वसूल होतात ते इथे. इसीयू मिसफायर कसा ओळखतो? प्रत्येक पॉवर स्ट्रोकला क्रँकला (इंजिनाच्या मुख्य दांड्याला) ढकल मिळते. एखादा सिलिंडर जळला नाही की क्रँक तेवढ्या क्षणापुरता मंदावतो आणि क्रँक सेन्सर ते पकडतो. इंजिनाच्या २०० फेऱ्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारा भाग) खराब होण्याइतके मिस झाले तर दिवा लुकलुकतो. त्याहून सौम्य प्रकार १००० फेऱ्यांच्या हिशेबात धरला जातो आणि बहुधा दोन वेगवेगळ्या फेरफटक्यांत सापडला तरच दिवा लागतो. म्हणजे गाडी मिस करतेय पण दिवा नाही, ही अवस्था बराच काळ टिकू शकते. सहाव्या मोडमध्ये मात्र प्रत्येक सिलिंडरचा मोजलेला आकडा दिसतो: ‘०सी’ म्हणजे चालू किंवा शेवटच्या फेरफटक्यातले मिस, ‘०बी’ म्हणजे मागच्या दहा फेरफटक्यांची सरासरी. कार स्कॅनरसारखी ॲप सिलिंडरचं नाव लिहून देतात. ॲप नुसते सांकेतिक आकडे दाखवत असेल तर लक्षात ठेवा: ए१ म्हणजे सगळे मिळून, ए२ म्हणजे पहिला सिलिंडर. तिसरा सिलिंडर ए४ वर मिळेल, ए३ वर नाही. एखाद-दुसरा मिस कुठेही दिसतो, त्याचं काही नाही. तीन सिलिंडर शून्यावर आणि एक साठ-सत्तरवर असेल तर प्रश्नच उरला नाही.

दिवा लुकलुकत असेल तर ही तपासणी गाडी पळवत करू नका. न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं, आतली जाळी वितळते, आणि हजार-दोन हजारांच्या कॉइलचं दुखणं कित्येक हजारांवर जातं. हळू चालवून जवळ थांबा.

सिलिंडर कळला, आता पार्ट शोधायचा. यासाठी अदलाबदलीइतकी खात्रीची आणि फुकट पद्धत नाही, आणि स्कॅनर तिला जोड देतो. प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असलेल्या चार सिलिंडरच्या गाडीत तिसरा मिस होत असेल, तर तिसऱ्याची कॉइल दुसऱ्यावर टाका आणि तिसऱ्याचा प्लग चौथ्यात. कोड पुसा. फ्रीझ फ्रेममध्ये जशी परिस्थिती होती तशाच परिस्थितीत पंधरा-वीस मिनिटं चालवा आणि ०सी बघा. मिस दुसऱ्यात गेला तर कॉइल, चौथ्यात गेला तर प्लग. तिसऱ्यातच राहिला तर इंजेक्टर, वायरिंग किंवा कॉम्प्रेशन. एका फेरीत तीन शक्यता वेगळ्या होतात. दिवा पुन्हा लागण्याची वाट बघावी लागत नाही, कारण आकडा आधीच बोलतो. आकडे सोबतच्या माणसाने वाचावेत, चालवणाऱ्याने नाही.

कॉइल काढण्यासाठी १० ची गोटी, प्लगसाठी बहुतेक गाड्यांत १६ ची चुंबक किंवा रबर असलेली प्लग गोटी आणि लांब एक्स्टेन्शन पुरतं. काही नव्या बारीक प्लगना १४ ची लागते. इंजिन थंड हवं. गरम ॲल्युमिनियम हेडमधून प्लग काढताना आटे जाण्याचा धोका असतो. कनेक्टरचं लॉक दाबून काढा, वायर ओढू नका. जुन्या गाडीत हे प्लास्टिक ठिसूळ झालेलं असतं. कॉइल थोडी फिरवून मोकळी करा आणि सरळ वर ओढा. प्लग सोडवण्याआधी खड्ड्यात हवा मारा, नाहीतर तळाची वाळू थेट सिलिंडरमध्ये पडते.

खड्ड्यात काय सापडतं ते नीट बघा. तेल साचलेलं असेल तर टॅपेट कव्हरचं पॅकिंग किंवा प्लग ट्यूबचं सील गेलंय. ते न बदलता नवी कॉइल घातली तर तिचाही रबरी बूट तेलाने फुगून मऊ पडतो आणि काही महिन्यांत तोच कोड परत येतो. पाणी असेल तर बहुधा इंजिन प्रेशरने धुतलंय. हवा मारून कोरडं करा, कॉइल उन्हात ठेवा, कदाचित काहीच बदलावं लागणार नाही. प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर वरून खाली पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ दिसली तर ठिणगी बाहेरून उतरतेय. अशा वेळी प्लग आणि बूट दोन्ही बदला. एकच बदलला तर दुसऱ्यावरची रेघ नव्यावर उमटते.

नवा प्लग बसवताना गॅप फिलर गेजने तपासा. एनजीकेच्या नंबराच्या शेवटी १० असेल तर १.० मिमी, ११ असेल तर १.१ मिमी. पहिले आटे हाताने, जुन्या रबरी पाइपचा तुकडा प्लगवर चढवून फिरवा. आटे वाकडे लागले तर रबर घसरतं आणि हेड वाचतं. १४ मिमी आट्याच्या वॉशरवाल्या प्लगला २५ ते ३० न्यूटन-मीटर, १२ मिमीला १५ ते २०. टॉर्क पाना नसेल तर १४ मिमीचा नवा प्लग हाताने टेकल्यावर अर्धा ते दोन तृतीयांश फेरा, बस. इरिडियम प्लगचा गॅप ठोकून कमी-जास्त करू नका.

जुन्या गाड्यांत एकच कॉइल १-४ आणि २-३ अशा जोड्या चालवते. तिथे पहिला आणि चौथा दोन्ही एकदम मिस होत असतील तर कॉइलचा तो अर्धा भाग बघा. एकच मिस होत असेल तर हाय टेन्शन वायर किंवा प्लग.

मिस जागेवरून हललाच नाही तर आधी वायरिंगवर टॉर्च मारा. पार्किंगमध्ये, विशेषतः पावसाळ्यात, उंदीर बोनेटखाली येतात आणि इंजेक्टरच्या बारीक वायरी त्यांचं आवडतं काम. नंतर मल्टिमीटर लावून इंजेक्टरचा रोध मोजा. नेहमीच्या पोर्ट इंजेक्शनच्या इंजेक्टरला ११ ते १६ ओहमच्या दरम्यान येतो, आणि चारही जवळपास सारखे हवेत. कॉइलला तीन किंवा चार पिना असतील तर आत इग्नायटर (ठिणगीचा इलेक्ट्रॉनिक स्विच) असतो. तिचा प्रायमरी रोध मोजून काही निष्पन्न होत नाही, अदलाबदल हीच तिची परीक्षा. चालू इंजिनावर कॉइल उपटून ‘ठिणगी बघणं’ मात्र टाळा. हजारो व्होल्टचा झटका बसतो आणि इग्नायटरही जातो. सिलिंडर बंद करून बघायचाच असेल तर इंजेक्टरचा कनेक्टर काढा, म्हणजे कच्चं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाणार नाही.

तरीही मिस तिथेच? मग कॉम्प्रेशन. हे काम स्कॅनरच्या आवाक्याबाहेरचं आहे, त्याला गेज लागतं. पूर्ण थ्रॉटल दाबून, इंधन आणि ठिणगी बंद करून स्टार्टर मारा. सगळ्यांचे आकडे एकमेकांच्या १०-१५ टक्क्यांत हवेत. कमी भरलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह.

सीएनजीवाल्यांसाठी थोडं वेगळं. गॅस पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून दमलेली कॉइल आधी सीएनजीवर मिस करते आणि पेट्रोलवर टाकली की गाडी गप्प बसते. लगेच ‘किट खराब’ असा निष्कर्ष काढू नका. पहिली अदलाबदल कॉइल-प्लगचीच करा, मग गॅस फिल्टर, रेग्युलेटर आणि गॅस इंजेक्टर. बाहेरून बसवलेल्या सिक्वेन्शियल किटमध्ये गॅसचं ट्यूनिंग चुकलेलं असेल तर पेट्रोलच्या इसीयूचा लाँग टर्म ट्रिमही बिघडतो. ट्रिम वाचताना गाडी कोणत्या इंधनावर होती ते लिहून ठेवा, नाहीतर आकड्यांना अर्थ राहत नाही.

या स्कॅनरच्या दोन उणिवा जाणवतात. एक, तो सॉकेटमधल्या १६ नंबर पिनवरून कायम बॅटरी खातो. आपोआप झोपी न जाणारा स्कॅनर ३० ते ५० मिलीअँपिअर ओढतो, म्हणजे दिवसाला साधारण एक अँपिअर-अवर. ३५ अँपिअर-अवरची बॅटरी असलेली गाडी तीन आठवडे उभी राहिली तर स्टार्टर फिरणार नाही. काम झालं की काढून ठेवा. काही गाड्यांत तो क्लचच्या पायालाही लागतो, तेही एक कारण. दोन, क्रँक सेन्सर, फ्लायव्हील किंवा टायमिंग चेन बदलल्यावर काही गाड्यांना क्रँकचं शिक्षण नव्याने द्यावं लागतं. ते झालं नाही तर इंजिन गुळगुळीत चालत असूनही मिसफायरचा कोड पडतो. ही सोय या यंत्रात नाही, त्यासाठी कंपनीचा स्कॅनर असलेलं वर्कशॉप गाठावं लागतं.

दुरुस्तीनंतर कोड पुसून दोन-तीन दिवस रोजच्या वाटेने चालवा. एक सकाळचा थंड स्टार्ट आणि एक चढ त्यात यायला हवा. मग पेंडिंग कोड, ०सी आणि ट्रिम पुन्हा वाचा. ०बी लगेच शून्य दिसणार नाही, जुन्या फेरफटक्यांचा वाटा त्यात उरलेला असतो. तो दहा फेरफटक्यांत हळूहळू उतरत गेला पाहिजे. मध्येच पुन्हा चढायला लागला, तर खड्ड्यातलं तेल एकदा परत बघा.